कौटुंबिक व्यवसायाची कथा लिहिताना या चुका टाळा

मराठी मालिकांना आणि कादंबऱ्यांना कौटुंबिक व्यवसायाचे मोठे आकर्षण आहे. तीन पिढ्यांचे एक घर, त्या घराची पेढी किंवा कारखाना आणि त्यावरून होणारी ओढाताण एवढे जमले की दीर्घ कथेची सोय झाली असे मानले जाते. तरीही यांतल्या बऱ्याच कथा मध्यावर येऊन अडखळतात. संकटे पोकळ वाटू लागतात, तीच भांडणे फिरून येतात आणि शेवटी एखाद्या पात्राला अकारण दुष्ट करून कथानक पुढे ढकलावे लागते. दोष अभिनयाला किंवा संवादांना दिला जातो, पण माझ्या मते तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच शिरलेला असतो. या घरात काय विकले जाते, मालकी कोणाची आहे, सही कोणाची चालते आणि देणे कोणाच्या डोक्यावर आहे, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. हे ठरवले, तर नात्यांतले ताण त्यातूनच निघतात. ते बाहेरून आणावे लागत नाहीत. मालिका, नाटक किंवा कादंबरी लिहिणाऱ्यांना संहिता तपासताना उपयोगी पडतील अशा चुका आणि त्यांवरचे उपाय पुढे दिले आहेत.

‘ग्रुप ऑफ इंडस्ट्रीज’मध्ये नेमके काय बनते?

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे व्यवसाय कशाचा आहे हेच न ठरवणे. पात्रे सतत मीटिंगला जातात, टेंडर मिळते किंवा हुकते, काचेच्या खोलीत फाइली एकीकडून दुसरीकडे सरकतात, पण पन्नास भाग पाहूनही त्या घराच्या कारखान्यातून काय तयार होऊन बाहेर पडते हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. अशा कथेत येणारे संकटही तसेच निराकार असते. ‘कंपनीला मोठा लॉस झाला’ हे वाक्य कितीही गंभीर संगीतावर ऐकवले, तरी काय गेले हे डोळ्यांपुढे येत नसल्यामुळे कोणाला धक्का बसत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिका मसाले किंवा ‘होणार सून मी ह्या घरची’मधील गोखले गृह उद्योग ही नावे लक्षात राहतात, कारण तिथे विकली जाणारी वस्तू प्रेक्षकाच्या स्वतःच्या फडताळात असते.

यावरचा उपाय असा, की एक वस्तू निवडावी आणि पहिला प्रसंग लिहिण्याआधी तिचे वर्ष कागदावर मांडावे. उदाहरणार्थ, घर मसाल्याच्या धंद्यात आहे असे धरू. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजारात लाल मिरचीची मोठी आवक साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत असते. तिखटपणा कमी आणि रंग गडद अशी ही मिरची मसालेवाल्यांना हवीच असते, आणि वर्षाची खरेदी करायची तर ती याच काही महिन्यांत करावी लागते. म्हणजे वर्षभर थोडा थोडा परत येणारा पैसा एकदम बाहेर पडतो. माल शीतगृहात ठेवावा लागतो, त्याचे भाडे चालू होते. चैत्र-वैशाखात घरोघरी वर्षाचा मसाला होतो, त्या वेळी कांडपावर रांगा लागतात आणि तयार मसाल्याची मागणीही वाढते. पावसाळ्यात हवा दमट होते, मालाला बुरशीचा धोका असतो. एवढे माहीत झाले की लेखकाला कळते, की या घरातले सर्वांत मोठे भांडण मार्चमध्ये होणार आणि ते ‘यंदा किती माल उचलायचा’ या प्रश्नावरून होणार. थोरल्याने भाव चढेल या अंदाजाने दुप्पट माल भरला आणि महिन्याभरात भाव उतरला, तर त्या एका निर्णयातून धाकट्याचा अविश्वास, वडिलांचे मौन आणि वहिनीच्या दागिन्यांचा विषय हे सगळे आपोआप उभे राहते.

थॉमस मान यांच्या १९०१ सालच्या ‘बुडेनब्रुक्स’ या कादंबरीत हे विलक्षण नेमकेपणाने आले आहे. धान्याच्या व्यापारी घराण्याचा प्रमुख थॉमस बुडेनब्रुक हा घराच्या रीतीविरुद्ध जाऊन एका जमीनदाराचे उभे पीक आगाऊ विकत घेतो, आणि पेढीला १०० वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा चालू असतानाच गारपिटीने ते पीक गेल्याची बातमी त्याच्या हातात पडते. घराण्याच्या उतरणीची ती खूण ठरते, आणि ती खूण धान्याच्या धंद्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही धंद्यात अशी उमटली नसती. लेखकाने धंदा जाणून घेण्यावर घालवलेला वेळ अशा ठिकाणी वसूल होतो.

एका सहीवर सगळे जाते

‘इथे सही कर’ म्हणून पुढे सरकवलेला कागद आणि दुसऱ्या दिवशी ‘आता ही कंपनी माझी’ अशी घोषणा हा प्रसंग इतक्या वेळा आला आहे, की तो लिहिताना कोणी थांबून विचार करत नाही. सहीला अर्थ असतो, पण कोणत्या कागदावर, कोणाची आणि कोणत्या प्रकारच्या व्यवसायात, यावर तो ठरतो. म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. लेखकांनी सर्वांत जास्त वेळ याच बाबीवर घालवावा असे मला मनापासून वाटते.

दुकान एकाच व्यक्तीच्या मालकीचे असेल, तर कायद्याच्या दृष्टीने दुकान आणि मालक वेगळे नसतात. दुकानाचे कर्ज ते मालकाचे कर्ज. तिथे २० वर्षे गल्ल्यावर बसलेला धाकटा भाऊ कागदोपत्री कोणीच नसतो; त्याला ना हिस्सा असतो, ना सहीचा अधिकार. ही वस्तुस्थितीच केवढी मोठी कथा आहे. दुकान ‘आपले’ म्हणत आयुष्य गेलेल्या माणसाला परवान्यावर, बँकेच्या खात्यावर आणि जीएसटीच्या नोंदणीवर फक्त दादाचे नाव आहे हे एखाद्या साध्या कामाच्या निमित्ताने कळते, त्या प्रसंगाला कोणत्याही कारस्थानाची गरज नाही.

व्यवसाय भागीदारीचा असेल तर १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा लागू होतो, आणि कथाकाराला या कायद्याइतके साहित्य क्वचितच दुसरीकडे मिळेल. भागीदारीच्या करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर नफा सर्व भागीदारांत सारखा वाटला जातो आणि काम करणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा वेगळा मोबदला मिळत नाही. म्हणजे पहाटे पाचला बाजार समितीत जाणारा भाऊ आणि महिन्यातून एकदा हिशेब पाहायला येणारा भाऊ यांचा वाटा एकच. नवा भागीदार घ्यायचा असेल तर सर्वांची संमती लागते. व्यवसायाचे मूळ स्वरूप बदलायचे असेल तरी सर्वांची संमती लागते. रोजच्या साध्या बाबींत मात्र बहुमत चालते. आणि कथालेखकांनी विशेष ध्यानात ठेवावे असे कलम म्हणजे, एका भागीदाराला केवळ भागीदार या नात्याने पेढीची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. त्यासाठी त्याला तसा अधिकार दिलेला असावा लागतो. तेव्हा धाकट्याने रागाच्या भरात केलेल्या एका सहीने कारखान्याची जागा गेली, असे दाखवायचे असेल तर त्याआधी कुलमुखत्यारपत्र कोणी, कधी आणि का दिले होते हे दाखवावे लागेल. तसे दाखवले तर कथेचा कस वाढतो, कारण मग फसवणुकीच्या मुळाशी एका माणसाने दुसऱ्यावर ठेवलेला विश्वास येतो.

याच कायद्यात अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुलाला सर्व भागीदारांच्या संमतीने पेढीच्या लाभात सामील करून घेता येते. तो १८ वर्षांचा झाल्यावर किंवा आपल्याला असे सामील केले आहे हे त्याला कळल्यावर, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून सहा महिन्यांत, भागीदार व्हायचे की नाही हे त्याने जाहीर सूचनेने सांगायचे असते. तो गप्प राहिला तर ती मुदत संपताच तो भागीदार होतो, आणि लहानपणी ज्या दिवशी त्याला सामील केले त्या दिवसापासूनच्या देण्यांना बाहेरच्या लोकांसमोर जबाबदार ठरतो. घरातल्या नातवाचा अठरावा वाढदिवस आपल्या मालिकांत थाटामाटात साजरा होतो, पण त्या दिवसापासून सुरू होणाऱ्या या सहा महिन्यांकडे कोणा लेखकाचे लक्ष गेलेले मी तरी पाहिलेले नाही.

कंपनी असेल तर मालकी समभागांत असते आणि कारभार संचालक मंडळाकडे. ‘मी तुला कंपनीतून काढून टाकतो’ असे जेवणाच्या टेबलावर म्हणून कोणी संचालक दूर होत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालकाला हटवण्यासाठी विशेष सूचना, भागधारकांच्या सभेत साधा ठराव आणि त्या संचालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी हे सगळे लागते. ही औपचारिकता कंटाळवाणी असेल असे समजून ती गाळली जाते, आणि तिथेच नाट्य हातचे निसटते. सख्ख्या भावाला हटवण्याची सूचना नोंदणीकृत टपालाने त्याच घराच्या पत्त्यावर येते, आणि पोस्टमनकडून ती आई घेते. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात, त्यामुळे सर्व भागधारकांनी मतदान केले तर २६ टक्के हातात असलेली आत्या तो अडवून धरू शकते. ५१ म्हणजे साधे बहुमत, ७५ म्हणजे विशेष ठराव आणि २६ म्हणजे तो अडवण्याची ताकद, हा आकड्यांचा अर्थ लेखकाला ठाऊक असेल, तर प्रत्येक नातेवाइकाला कथेत वजन येते. खासगी कंपनीत समभाग कोणालाही सहज विकता येत नाहीत, कारण नियमावलीतच हस्तांतरणावर बंधन असते. म्हणून ‘माझा हिस्सा मी शत्रूला विकला’ हा धक्काही आधी नियमावली वाचूनच द्यावा.

हिंदू अविभक्त कुटुंबाचा व्यवसाय ही आणखी वेगळी गोष्ट. तिथे कर्ता कारभार पाहतो, पण एकत्र मालमत्ता विकायची तर त्याला कुटुंबाची कायदेशीर गरज किंवा मालमत्तेचे हित दाखवता आले पाहिजे, आणि सहदायकांना, म्हणजे त्या मालमत्तेत जन्मापासून हक्क असलेल्यांना, त्या विक्रीला आव्हान देता येते. इथेच आणखी एक गल्लत होते. वडिलांनी स्वतः उभी केलेली मालमत्ता आणि एकत्र कुटुंबाची मालमत्ता यांत लेखक फरक करत नाहीत. स्वकष्टार्जित मालमत्ता वडील मृत्युपत्राने वाटेल त्याला देऊ शकतात. एकत्र कुटुंबातल्या सहदायकाचा जन्मसिद्ध हिस्सा मात्र ‘आजपासून तू माझा मुलगा नाहीस’ या एका वाक्याने जात नाही. तेव्हा बापाने हे वाक्य उच्चारण्याआधी त्या दुकानाची मालकी कशी आली होती, याचे उत्तर लेखकाजवळ हवे.

कथा गोव्यात घडत असेल तर हे सगळे पुन्हा तपासावे. तिथल्या कौटुंबिक कायद्याची परंपरा पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आहे. पती-पत्नीत वेगळा करार नसेल तर संपत्ती दोघांची सामाईक मानली जाते, आणि स्थावर विकायला जोडीदाराची संमती लागते. मडगावच्या दुकानदाराची कथा पुण्याच्या कायद्याने लिहिली, तर ती तिथल्या वाचकाला पहिल्याच प्रकरणात खोटी वाटेल.

मृत्युपत्राचे वाचन

दिवसकार्य आटोपल्यावर वकील येतात, सगळे सोफ्यावर बसतात आणि पाकीट फुटते, हा प्रसंग आपल्याकडे बाहेरच्या कथांतून आला आहे. अनेक कुटुंबांत मृत्युपत्र केलेलेच नसते. धीरूभाई अंबानी २००२ च्या जुलैमध्ये गेले तेव्हा त्यांनी मृत्युपत्र ठेवले नव्हते, आणि दोन भावांमधल्या वाटणीची घोषणा त्यांच्या आईने जून २००५ मध्ये केली. त्याआधी भावांचा वाद उघड झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या खासगी उद्योगाचे काय होणार याची चर्चा घरोघर चालली होती. मृत्युपत्र नसणे ही कथेतली पोकळी नाही, तिथेच कथा आहे.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पुरुषाची स्वतःची मालमत्ता प्रथम मुलगे, मुली, पत्नी आणि आई यांना सारख्या हिश्शाने जाते. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असतील, तर प्रत्येकाला पाचवा हिस्सा मिळतो. आपल्या मालिकांतली आजी देवघरात जप करते आणि आशीर्वाद देते. पण मुलाच्या निधनानंतर त्याच्या धंद्यातला २० टक्के हिस्सा तिच्याकडे आलेला असू शकतो, आणि दोन नातवांच्या भांडणात तिच्या सहीवर सगळे अडलेले असू शकते, हे लेखकाला सुचत नाही. आजीचे पात्र करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रींना यातून किती चांगली भूमिका मिळेल, याचा विचार व्हावा.

नामनिर्देशनाचीही अशीच गल्लत होते. ‘समभागांवर माझे नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणजे ते माझे’ असे पात्राने म्हणावे, कारण खऱ्या आयुष्यातही लोक तसेच समजतात. पण कथेने ते खरे मानू नये. कंपनीच्या समभागांबाबतही नॉमिनी हा अंतिम मालक ठरत नाही, वारसाहक्क नेहमीच्या वारसा कायद्यानेच ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. जो पाच वर्षे मालक असल्यासारखा वागला, त्याला आपण केवळ सांभाळणारे होतो हे कळणे हा चांगला मध्यंतर होऊ शकतो.

मृत्युपत्र दाखवायचेच असेल तर त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, आणि ते साक्षीदार कोण हे ठरवावे. नोंदणी मात्र सक्तीची नाही. ‘सक्सेशन’ या २०१८ ते २०२३ या काळातल्या अमेरिकी मालिकेने संदिग्ध कागदाचा उत्तम उपयोग केला आहे. वडील गेल्यावर तिजोरीत एक टिपण सापडते, त्यात एका मुलाचे नाव आहे, पण नावाची रेघ ही खाली ओढलेली आहे की नाव खोडणारी आहे हे कळत नाही. त्या कागदाने कायद्याने काहीच ठरत नाही, निर्णय संचालक मंडळच घेते. पण त्या मुलाच्या मनात तो कागद शेवटपर्यंत सलत राहतो. कायद्याने कागदाची किंमत शून्य आणि माणसांसाठी ती अपार, हे अंतर लेखकाने जाणीवपूर्वक वापरले म्हणून प्रसंग उभा राहिला.

सून सगळे सांभाळते, मग लेक कुठे आहे?

घरात आलेली सून बुडता धंदा सावरते ही आपल्या मालिकांची आवडती वाट आहे, आणि तिच्यात आनंद आहे हे मी नाकारत नाही. पण या कथांतून घरची मुलगी नाहीशी झालेली असते. ती असलीच तर माहेरी येऊन कागाळ्या करणारी नणंद म्हणून असते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या दिवसापूर्वी लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. देशभर हा हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून आला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने स्पष्ट केले. थोरली मुलगी अविभक्त कुटुंबाची कर्ता होऊ शकते असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच दिला आहे. सून मात्र सासरच्या अविभक्त कुटुंबाची सदस्य असली तरी सहदायक नसते. तिला अधिकार द्यायचा तर भागीदार, भागधारक, संचालक किंवा मुखत्यार म्हणून कागदावर द्यावा लागतो; सासूबाईंनी कमरेचा जुडगा काढून तिच्या हाती दिल्याने बँक तिची सही स्वीकारत नाही.

चार्ल्स डिकन्स यांनी १८४६ ते १८४८ या काळात ‘डॉम्बी अँड सन’ लिहिताना ही उणीवच कथेचा कणा केली. पेढीच्या नावातच मुलगा आहे, म्हणून बापाच्या लेखी मुलगी असून नसल्यासारखी. मुलगा लहानपणीच जातो, पेढी बुडते आणि बापाला अखेर आधार मिळतो तो त्याच मुलीचा. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर ‘आणि सन्स’ आजही दिमाखात असते. हक्कसोड पत्रावर सही करायला माहेरी बोलावलेली मुलगी, तिच्यासाठी केलेले पुरणपोळीचे जेवण आणि जेवणानंतर पुढे आलेला कागद, हा प्रसंग महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत घडलेला आहे. त्यात कोणी खलनायक नसतो. भाऊ प्रेमळ असतो, आई दोघांची असते, आणि मुलीला नकार देता येत नाही. हा प्रसंग ज्या लेखकाला प्रामाणिकपणे लिहिता येईल, त्याच्या मालिकेला दुसऱ्या कारस्थानाची गरज उरणार नाही.

कर्जाशिवाय चालणारी पेढी

पडद्यावरच्या व्यवसायात पैसा एक तर भरपूर असतो किंवा एका रात्रीत संपतो. खरा व्यवसाय उधारीवर चालतो. माल घेताना पैसे आधी द्यावे लागतात, विकल्यावर ते उशिरा येतात, आणि मधले अंतर बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याने भरले जाते. त्या खात्यासाठी मालाचे आणि येणे रकमांचे विवरण ठरावीक काळाने बँकेला द्यावे लागते. जेवढा माल कागदावर, तेवढी उचल. धाकट्याने पगार भागवण्यासाठी त्या विवरणात न विकला जाणारा जुना माल चांगला म्हणून दाखवला, तर ती फसवणूक आहे, आणि ती कोणताही भला माणूस महिन्याच्या अखेरीस करून बसू शकतो. अशा लहान पावलांनी घसरणारा माणूस प्रेक्षकाला ओळखीचा वाटतो.

लघुउद्योगाकडून माल घेणाऱ्याने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. पण ज्याच्यावर निम्मी विक्री अवलंबून आहे अशा मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कोण करणार? बापाने ३० वर्षे जपलेला संबंध आणि मुलाने दाखवलेले कलम, यांतला हा वाद पिढ्यांमधल्या संघर्षासाठी पुरेसा आहे. त्यासाठी मुलाला परदेशातून सूटबूट घालून परत आणण्याची गरज नाही.

हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की कर्ज अनुत्पादक ठरते; त्यानंतर बँक तारण ताब्यात घेण्यापूर्वी ६० दिवसांची नोटीस देते. म्हणजे जप्ती अचानक दारात येत नाही. नोटीस कोणाला मिळाली, त्याने ती कोणापासून लपवली आणि त्या ६० दिवसांत घरात कोणता साखरपुडा ठरला, अशी कथा त्या मुदतीतच दडलेली असते. वैयक्तिक हमीचा विसर तर बहुतेकांना पडतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मोठ्या दादाच्या विश्वासावर बहिणीने किंवा मेहुण्याने केलेली सही दहा वर्षांनी त्यांच्या राहत्या घरापर्यंत पोहोचते. व्यवसायातून बाहेर पडलेला भाऊ बँकेकडून लेखी मुक्तता न घेता गेला, तर तो बाहेर पडलेलाच नसतो.

दुष्ट भाऊ आणि इतर काही

वर सांगितलेली व्यवस्था ठरवली नाही की संघर्षासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे एका भावाला दुष्ट करणे. बहुतेक कुटुंबांत दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. ‘बुडेनब्रुक्स’मध्ये थॉमस आणि धाकटा क्रिस्टियान यांचे मोठे भांडण कशावरून होते? प्रत्येक व्यापारी मुळात लबाडच असतो, असे क्रिस्टियान क्लबात चारचौघांत थट्टेने बोलतो यावरून. पेढीचे नाव हीच ज्याची सारी कमाई, त्याला हे वाक्य चोरीपेक्षा जास्त लागते. विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ या कन्नड कादंबरीत तर दुष्ट म्हणावे असे कोणी एक नाही. बंगळूरुच्या एका साध्या कुटुंबाची मसाल्याच्या व्यापारातून भरभराट होते, धंदा काका चालवतो, निवेदक कागदावर संचालक आहे पण त्याला काम काहीच नाही, आणि सगळे घर त्या कमावत्या काकाला जपण्याच्या धडपडीत हळूहळू निर्दय होत जाते. कोण कमावतो आणि कोण त्यावर जगतो हे लेखकाने घट्ट ठरवल्यामुळे चहाच्या कपावरून होणाऱ्या बोलण्यातही दहशत येते.

संहितेत माणसे कमी पडत असतील तर कामगारांकडे पाहावे. ४० वर्षे खतावणी लिहिणारे दिवाणजी, पॅकिंगच्या टेबलावरच्या बायका, मालाची चव बोटावर घेऊन मीठ कमी आहे हे सांगणारी जुनी मावशी, यांना घराच्या भांडणात आपले पगार अडकलेले दिसत असतात. त्यांच्या बाजूने एखादा भाग लिहिला तर मालकांची खरी उंची कळते.

बोलण्याचेही भान हवे. दुकानात वडिलांना ‘बाबा’ म्हणणारा मुलगा गिऱ्हाइकासमोर त्यांचा उल्लेख कसा करतो, नोकर धाकट्याला ‘छोटे मालक’ म्हणतात की नुसते नावाने हाक मारतात, थोरल्या काकूला कारखान्यात ‘मॅडम’ म्हणायला कोणी सुरुवात केली, यांतून सत्तेचे पारडे कुठे झुकते आहे हे एका शब्दात कळते.

शेवटी सगळे एकत्र येतात, पण पाटीचे काय?

शेवटच्या आठवड्यात सगळे भाऊ देवापुढे हात जोडून उभे राहतात आणि धंदा पुन्हा एक होतो, असा शेवट लिहिण्याआधी वाटणीचा पर्याय विचारात घ्यावा. वाटणी म्हणजे पराभव, ही समजूत कथाकारांनी सोडायला हवी. १८९७ मध्ये सुरू झालेल्या गोदरेज उद्योगसमूहाची वाटणी २०२४ च्या एप्रिलमध्ये परस्पर संमतीने जाहीर झाली. एका शाखेकडे गोदरेज अँड बॉइस आणि विक्रोळीच्या जमिनीचा मोठा भाग राहिला, दुसरीकडे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या गेल्या, आणि नाव दोघांकडेही राहिले. महाराष्ट्रात गाडगीळ सराफांचे नाव लावणाऱ्या पेढ्या आज वेगवेगळ्या संस्था म्हणून चालतात, हे दागिने घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

वाटणी लिहायची तर ती तपशिलाने लिहावी. जागा, यंत्रे आणि शिल्लक माल यांची किंमत काढता येते. पाटीवरचे नाव कोणी वापरायचे, मसाल्याच्या प्रमाणाची आजीच्या हातची वही कोणाकडे जायची, जुन्या गिऱ्हाइकांना कोणी फोन करायचा, समोरासमोर दोन दुकाने काढायची की मध्ये अंतर ठेवायचे, दिवाणजींनी कोणाकडे जायचे आणि लक्ष्मीपूजनाला वह्या एकत्र मांडायच्या की वेगळ्या, हे प्रश्न मात्र बैठकीमागून बैठक चालतात. त्या बैठकांना चार-सहा भाग द्यावेत. कोण कशावर अडून बसतो आणि कशावर पाणी सोडतो हे तिथे दिसेल, आणि दोनशे भागांत प्रेक्षकाने ज्या माणसांना पाहिले, त्यांची शेवटची ओळख त्याला तिथेच होईल.